बायस मनात शोधू नको, व्हिजिटच्या वहीत शोध

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं ना, की तुमचा ग्रुप दरवर्षी दहावीनंतरच्या चाळीसेक मुलांना शिकायला पैसे देतो, तू तीन वर्षं होम व्हिजिट करतेस, आणि यंदाची लिस्ट बघून एक जुन्या ताई मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यात सगळी आपल्यासारखीच पोरं दिसतायत." तुला राग आला, कारण तुमच्या फॉर्मवर जातीचा रकानाच नाहीये. आणि आता डोक्यात किडा वळवळतोय की खरंच आपण नकळत भेदभाव करतो का, आणि करत असू तर कळणार कसं.

राग येऊ दे, मलाही आला होता. मी सोलापुरात तेवीस वर्षं वस्त्यांमध्ये काम करते, आधी आरोग्याचं, मग शिक्षणाचं. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या एमएला असताना पूर्वग्रह या विषयावर वीस मार्कांचा प्रश्न मी तोंडपाठ लिहिलेला आहे, त्याचा पुढे काडीचा उपयोग झाला नाही.

आधी ते "आम्ही जात विचारतच नाही" बघू. अगं, महाराष्ट्रात जात विचारावी लागते कुठे? आडनाव विचारलं की अर्धं काम झालं, आडनावावरून नाही कळलं तर "मूळ गाव कुठलं" आणि "राहायला कोणत्या भागात" हे दोन प्रश्न आहेतच, आपण ते ओळख वाढवायला म्हणून विचारतो आणि समोरच्या माणसाला बरोब्बर कळतं आपण काय विचारतोय. सरकारने २०२० साली वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायचं ठरवलं ते चांगलंच झालं, पण समतानगर म्हटलं की गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं जुनं नाव काय होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भाषा. पोरगी "पाणी" म्हणते की "पानी" म्हणते, एवढ्यावर आपल्या डोक्यात तिचा निकाल लागलेला असतो. मुलाखतीच्या कागदावर आपण "स्मार्ट आहे, कॉन्फिडन्ट आहे" असं लिहितो त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की हिचं मराठी माझ्यासारखं आहे. सोलापुरात तर अजूनच मजा, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाकडे कानडी, कुणाकडे दखनी. आमच्याच घरी तेलुगू बोलतात, मी लहानपणी शाळेत मराठीत बोलायला घाबरायचे, आणि तरीही मी वर्षानुवर्षं मराठीत अडखळणाऱ्या पोरांपुढे "लाजाळू, आत्मविश्वास कमी" लिहीत आले. स्वतः त्यातून गेलेलं असणं काही उपयोगाचं नसतं, यावर पुढे बोलते.

तर रकाना नाही म्हणजे बायस नाही असं होत नाही. उलट रकाना नसल्यामुळे तीन वर्षांत कुणाला दिलं, कुणाला नाकारलं याचा हिशोबच तुमच्याकडे नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक साधा प्रयोग केला होता, २००७ मध्ये छापून आला. पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवले, शिक्षण तोडीस तोड, फक्त नावं वेगळी, काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावांना बोलावणी कमी आली, मुस्लिम नावांना त्याहून कमी. त्या कंपन्यांच्या फॉर्मवरही जातीचा रकाना नसणारच.

आता वहीचं सांगते, कारण मला स्वतःला जे काही कळलं ते वहीतूनच कळलं. मनात डोकावून काही दिसत नाही, मी खूप प्रयत्न केलाय, मनात डोकावलं की सगळ्यांनाच आपण चांगलेच दिसतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक नवीन मुलगी आली होती कामाला, कॉमर्सची, तिला डेटा एन्ट्रीसाठी माझ्या दोन वर्षांच्या व्हिजिटच्या वह्या दिल्या. मी प्रत्येक व्हिजिटला पोचल्याची आणि निघाल्याची वेळ टाकायचे, जुन्या सरांनी लावलेली सवय. आठवड्याने ती म्हणाली, "मॅडम, काही घरात तुम्ही पाऊण तास बसलाय आणि काही घरात दहाच मिनिटं, असं का?" मी म्हटलं, अगं ज्याच्याकडे जसं बोलणं होईल तसं. ती गप्प बसली, पण मला राहवेना, रात्री वह्या घरी नेल्या आणि यादी काढली. पाऊण तासवाली घरं कोणती, दहा मिनिटंवाली कोणती. आणि मग लक्षात आलं की पाऊण तासवाली घरं म्हणजे जिथे मी चहा प्यायले ती घरं.

बाकीच्या घरी मी काय म्हणायचे तेही तुला सांगते. "नको नको, आत्ताच झाला." हसत म्हणायचे. उन्हातून तीन किलोमीटर चालून आलेली बाई आणि आत्ताच झाला! त्या घरातल्या बाईला कळत नसेल का? तिला आयुष्यभर हेच वाक्य ऐकायची सवय असते. माझ्या मनात तेव्हा जात नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. मनात काय होतं, तर पाणी कुठलं असेल, कप कसे असतील, उशीर होतोय, त्यांना उगाच खर्च नको. प्रत्येक कारण पटण्यासारखं. पण ही पटण्यासारखी कारणं मला ठरावीक आठ-दहा गल्ल्यांमध्येच सुचत होती ना, तेलुगू विणकरांच्या पद्मशाली गल्लीत पाणी तेच चार-पाच दिवसांनी येणारं महापालिकेचं आणि तिथे मी दोन-दोन कप प्यायचे.

आणि पुढचं बघ. जिथे पाऊण तास बसले तिथे मला कळलं की बापाची गिरणी बंद पडली, आजीचं ऑपरेशन झालं, मुलगा रात्री पेपर टाकायला जातो. रिमार्कमध्ये लिहिलं "होतकरू कुटुंब, शिक्षणाची आस". जिथे दारात उभी राहिले तिथे काय लिहिणार, "पालक उदासीन, घरात वातावरण नाही". कमिटीने माझे रिमार्क वाचून निवड केली. कमिटीतल्या कुणीही भेदभाव केला नाही, त्यांच्यापुढे जे आलं त्यावर त्यांनी प्रामाणिकपणे ठरवलं. भेदभाव झाला तो चहाच्या कपात, निवडीच्या तीन आठवडे आधी, आणि कुठल्याही कागदावर त्याची नोंद नाही.

म्हणून तुला पहिलं काम सांगते ते हे, तुझ्या तीन वर्षांच्या वह्या काढ. वेळ लिहिली नसेल तर रिमार्क वाच. पेन घेऊन फक्त विशेषणांखाली रेघ मार. स्वच्छ, नीटनेटकं, होतकरू, बोलकी, संस्कारी (हा शब्द सापडला तर तिथेच थांबून एकदा डोकं भिंतीवर आपट, मी आपटलंय), उदासीन, उद्धट, अस्ताव्यस्त. मग बघ कुठली विशेषणं कुठल्या वस्तीत पडलीत. आणि कुणाला जास्तीचा प्रश्न विचारला तेही बघ. मी मुस्लिम मुलींच्या घरी हमखास विचारायचे, "लग्नाचं काही बघताय का आत्ताच?", पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. हाच प्रश्न लिंगायत किंवा मराठा मुलीच्या आईला मी कधीच विचारला नव्हता, लग्नं तर त्यांचीही बारावीनंतर झालीच की धडाधड.

दुसरी एक गोष्ट सांगायला जड जाते पण सांगते. सोलापुरात एका भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, इथे काटेरी तारेच्या कुंपणाआड त्यांना ठेवलं, हजेरी द्यायला लावली, आणि स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ ला ती माणसं विमुक्त झाली. हे मी प्रत्येक नव्या बॅचला शिकवायचे, नकाशा वगैरे काढून, अगदी पोटतिडकीने. आणि शिकवून झालं की गाडीत बसताना म्हणायचे, "पर्स गाडीतच ठेवा हां, फक्त मोबाईल घ्या." त्याच जमातींपैकी एका, पारधी वस्तीवर जाताना. बाकी कुठल्या वस्तीला जाताना हे वाक्य नाही.

एका वर्षी आमच्याच अभ्यासिकेतला एक मुलगा व्हॉलंटिअर म्हणून आला, त्याच वस्तीतला, बीएचं दुसरं वर्ष. मी लेक्चर दिलं, गाडीजवळ आलो, आणि तोंडातून ते वाक्य गेलंच, सवयीने. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी पण ठेवू का पाकीट?" बस एवढंच. चिडला नाही, भांडला नाही. त्या दिवशी व्हिजिटमध्ये मी काय बोलले मला आठवत नाही. गंमत म्हणजे त्या वस्तीत माझं आजवर काहीही गेलेलं नाही, पर्स मारली गेली ती एसटी स्टँडवर. इतिहास माहीत असणं आणि हात पर्सवर जाणं या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात. त्यामुळे कुणी तुला "एक दिवसाची सेन्सिटायझेशनची कार्यशाळा घ्या" म्हटलं तर घ्या, चहा-समोसा होतो, पण त्यावर विसंबू नका. नकळत असलेले पूर्वग्रह मोजणारी ती हार्वर्डवाल्यांची कॉम्प्युटरवरची टेस्टही बरेच जण सुचवतील, १९९८ पासून गाजलेली आहे. करून बघायला हरकत नाही, पण २०१९ मध्ये जवळपास पाचशे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा असं दिसलं की त्या टेस्टमधला स्कोअर थोडाफार हलवता येतो, मात्र त्याने माणसाचं वागणं बदलतं असं काही दिसत नाही.

मग बदलायचं काय, तर कामाची पद्धत. पण त्याआधी निकषांबद्दल बोलायला हवं, कारण तुमची लिस्ट एकसारखी दिसण्याचं अर्धं कारण व्हिजिटच्या आधीच घडलेलं असणार.

तुमची अट आहे "हजेरी किमान ७५ टक्के", तूच लिहिलंयस. दिसायला किती साधी अट. आता मराठवाड्यातून, आमच्या जिल्ह्यातूनही, जी कुटुंबं ऊसतोडीला जातात ती दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलला परत येतात, मुकादमाची म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची उचल आगाऊ घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणजे मजुरांची एक जोडी, लहान भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी बरोबर. तिची हजेरी ७५ टक्के कुठून येणार? हंगामी वसतिगृहं आहेत, पण सगळीकडे नाहीत आणि आजी नसेल तर मुलीला मागे ठेवायला आईबाप घाबरतात. म्हणजे तुमच्या अटीने कुणाचंही नाव न घेता एक अख्खा वर्ग बाहेर काढला. दाखल्यांचं तसंच. विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांचे आजे-पणजे गावोगाव फिरत होते, शाळेत गेलेच नाहीत, त्यांनी १९६१ चा कागद आणायचा कुठून? आणि "दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस" असलं काही फॉर्मवर असेल तर ते आजच खोडा, प्रतिष्ठित माणसं कुणाच्या ओळखीची असतात ते आपल्याला माहितीये.

तुमची जाहिरात कुठे जाते? व्हॉट्सॲपवर, बरोबर? व्हॉलंटिअरच्या ग्रुपवरून त्यांच्या बहिणीच्या सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून कामवालीच्या मुलीला. वाईट काही नाही त्यात, पण अर्ज ओळखीच्या साखळीनेच येणार आणि साखळी जिथे तुटते तिथली मुलं तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. त्यांना नाकारण्याची वेळच येत नाही, म्हणून वाईटही वाटत नाही.

आता मी मघाशी जे म्हटलं ते, स्वतः त्यातून गेलेल्यांचा बायस. रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा भारतातलाच एक अभ्यास आहे, २०१२ ला छापून आला. मुलांची परीक्षा घेतली आणि पेपरांच्या पहिल्या पानावर वय, मुलगा-मुलगी, जात हे सगळं चिठ्ठ्या टाकल्यासारखं कुणाचंही कुणाला लावलं, मग शिक्षकांकडून तपासून घेतले. खालची मानलेली जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी मार्क पडले. फरक मोठा नव्हता. पण ते कमी मार्क मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींतल्याच शिक्षकांकडून पडत होते. आमच्या ऑफिसात हे मी वाचून दाखवलं तेव्हा एक जण म्हणाले अशक्य, आणि मला मात्र लगेच पटलं, कारण मी चाळीत वाढलेय, आई विड्या वळायची, दिव्याखाली अभ्यास केलाय, आणि कुणी पोरगं कॉलेज सोडतो म्हणालं की माझ्या पोटात पहिलं वाक्य उठतं, "मी केलं ना, मग याला काय झालं?" हे वाक्य फार घातकी आहे आणि ते आमच्यासारख्यांच्याच तोंडी असतं. ज्यांनी गरिबी बघितलेली नाही ते निदान घाबरून जरा जपून बोलतात.

याची उलटी बाजू म्हणजे दया. "बिचारी" म्हणून आपण जे करतो तेही पूर्वग्रहच, फक्त गोड. वस्तीतल्या मुलींसाठी कोर्स काढायचा म्हटलं की शिवण, मेंदी, पार्लर. मुलांना आयटीआय. आयटीआय वाईट नाही, माझा भाऊ आयटीआयचा आहे, पण ७८ टक्क्यांच्या मुलीने सायन्सला जायचंय म्हटलं आणि मी "झेपेल का गं, क्लासची फी केवढी" म्हटलं, हे डॉक्टरच्या ७८ टक्केवाल्या मुलीला मी म्हटलं नसतं. ती मुलगी शेवटी आर्ट्सला गेली. माझ्यामुळेच असं नाही म्हणता येणार, पण माझ्यामुळे नाही असंही नाही.

बरं, पद्धत. आम्ही ठेचा खात खात जे बसवलंय ते सांगते, तुमच्याकडे सगळं जमेल असं नाही.

व्हिजिटला दोघं जातात आणि शक्यतो वेगवेगळ्या घरातली, म्हणजे वेगवेगळ्या समाजातली म्हणतेय मी, स्पष्टच बोलू. प्रश्न ठरलेले, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने, जास्तीचा प्रश्न विचारला तर का विचारला ते लिहायचं. घराबाहेर आल्यावर एकमेकांशी बोलायच्या आधी दोघांनी स्वतंत्र मार्क टाकायचे, रिक्षात बसूनच. हे फार महत्त्वाचं आहे कारण एकदा सीनिअर माणूस "काय बाई ते घर" म्हणाला की ज्युनिअरचे मार्क गेलेच. दोघांच्या मार्कांत मोठा फरक पडला तर तिसरा माणूस जातो. प्रत्येक घरी किमान अर्धा तास. आणि चहा. विचारला तर घ्यायचा. डायबेटिस असेल तर बिनसाखरेचा मागायचा, पाणी तरी मागून प्यायचं. यावर आमच्याकडे बराच वाद झाला, कुणी म्हणालं गरिबाघरी खर्च कशाला, शेवटी वस्तीतल्याच एका मावशींनी निकाल लावला, "चहानं कुणी मरत नाय, नको म्हनल्यानं जीव जळतो."

विशेषण लिहायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. "घर अस्वच्छ" नाही, तर "दहा बाय दहाची खोली, सहा माणसं, नळ पाच दिवसांनी, दारात सात घागरी". "महागडा मोबाईल" नाही, तर "मोबाईल कितीचा, कधी घेतला, कशासाठी, विचारून लिहा". लॉकडाऊनमध्ये किराण्याचे किट वाटताना आमच्या पोरांनी एका घराला वगळलं होतं, हातात बारा हजाराचा फोन म्हणून. तो फोन पोरीच्या ऑनलाईन शाळेसाठी व्याजाने पैसे काढून घेतलेला निघाला, म्हणजे फोन होता म्हणूनच घरात किराणा नव्हता.

कागदावरचं जे असेल, निबंध, मार्कलिस्ट, त्यावर नावाच्या जागी नंबर टाकून दुसऱ्याकडून तपासून घे. मुलाखत मुलाच्या भाषेत होऊ दे, कानडीवालं कुणी नसेल तर शोध. आणि जातीची माहिती हवीच असेल, पुढे हिशोब काढायला ती हवीच, तर निवड झाल्यावर वेगळ्या कागदावर घे, वर्गात सगळ्यांसमोर कधीच नको. उत्तर प्रदेशातल्या खेड्यात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलय्याची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींची मुलं सारखीच सोडवत होती, आडनाव-जात मोठ्याने वाचल्यावर खालच्या मानलेल्या जातीची मुलं मागे पडली. तीच मुलं, तीच कोडी.

अजून एक, हॅना-लिंडनच्याच अभ्यासात दिसलं होतं की पेपर तपासायच्या सुरुवातीला भेद जास्त होतो, नंतर मोजमाप मनात बसलं की कमी. म्हणून आम्ही पहिले दहा फॉर्म शेवटी पुन्हा तपासतो, कुणालाही आवडत नाही, रात्रीचे नऊ वाजतात, पण दरवर्षी दोन-तीन निकाल फिरतात.

आणि तुमच्या यंदाच्या लिस्टचं म्हणशील तर पैसे अजून वाटले नाहीत असं लिहिलंयस. मग नाकारलेले फॉर्म काढ, निवडलेले नकोत. प्रत्येकावर नाकारण्याचं कारण एका वाक्यात लिही, असं वाक्य की ते त्या मुलाच्या आईला तिच्या दारात जाऊन वाचून दाखवता येईल. ज्या फॉर्मवर असं वाक्य लिहिता येत नाही ते बाजूला ठेव आणि त्या घरांना परत जा. बरोबर त्याच ताईंना ने, मीटिंगमध्ये बोलल्या त्यांना. मला त्यांचा राग येऊन मी दोन महिने बोलले नसते बहुतेक, तू तेवढा वेळ वाया घालवू नकोस, पंधरा ऑगस्टच्या आत उरका.

आमचा फॉर्म हवा असेल तर पाठवते. मराठी, कानडी, उर्दूत आहे, तेलुगूतला अजून माझ्याच हाताने लिहिलेला आहे, टाईप व्हायचाय. रिमार्कचा रकाना मात्र शोधू नकोस, तो काढून टाकलाय.